मीटर -१४ दाखवतो, तरी गाणं बारीक का वाजतं?

खर्ज

नमस्कार मंडळी. गेले तीन आठवडे एका गाण्याच्या मिक्सवर बसले आहे. गायिकेचा आवाज, तबला, हार्मोनियम, सिंथचा बेस आणि मागे एक पसरट पॅड (सिंथचा लांबलचक, जागा भरणारा सूर), एवढाच ऐवज. सगळं स्वतःच करते आहे, मास्टरिंगसुद्धा (तयार मिक्सवरचा शेवटचा हात).

लाउडनेस मीटरवर पूर्ण गाण्याचा आकडा -१४.० एलयूएफएस (गाणं एकूण किती मोठं वाटतं त्याचं माप) आणि ट्रू पीक (लहरीचं खरं टोक) -१.० आणला. ऐकलेल्या प्रत्येक व्हिडिओत हेच सांगितलं होतं. पण संदर्भासाठी घेतलेलं गाणं शेजारच्या ट्रॅकवर लावलं की माझं एकदम बारीक वाटतं. बरं, ऑनलाइन प्लेअरवर खाजगी लिंक करून ऐकलं, तिथे फरक कमी झाला, पण गेला नाही. फोनवर तर माझं गाणं दुसऱ्या खोलीत वाजतंय असं वाटतं.

त्यात मीटरांचं आपापसात पटत नाही. व्हीयूची सुई शून्याच्या खाली निवांत डोलत असते आणि त्याच वेळी तबल्याच्या ट्रॅकवर पीक मीटर लाल होतो. दोन वेगळ्या प्लगइनांचे आरएमएस (सरासरी ताकदीचे) मीटर एकाच सिग्नलला बरोबर ३ डीबीच्या फरकाने दाखवतात. यातला खरा कोणता? एक मीटर निवडून बाकीचे बंद करायचे असतील, तर कोणता ठेवू?

काळी_चार

धागा वाचनखूण म्हणून साठवतोय. माझंही हेच रडगाणं आहे.

जुना_फेडर

ताई, तुमचा एकही मीटर बिघडलेला नाही. प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतोय. तुम्ही एकच प्रश्न चौघांना विचारताय म्हणून गोंधळ होतोय. थोडं सविस्तर लिहितो, कारण हे एकदा डोक्यात बसलं की जन्मभर पुरतं.

व्हीयू मीटर १९३९ मध्ये अमेरिकेत तयार झाला. बेल लॅब्ज आणि सीबीएस, एनबीसी या दोन प्रसारण कंपन्यांनी मिळून तो ठरवला. तोवर एका टोकाचा माणूस म्हणायचा सिग्नल बरोबर आहे, दुसऱ्या टोकाचा म्हणायचा जास्त आहे, कारण दोघांच्या सुया वेगळ्या वेगाने हलायच्या. म्हणून सुईचा वेगच ठरवून टाकला. स्थिर सूर अचानक सुरू झाला, की सुई ३०० मिलिसेकंदांत आपल्या जागेच्या ९९ टक्क्यांपर्यंत पोहोचली पाहिजे. म्हणजे ती मुद्दामच सावकाश आहे. आपला कानही आवाजाचा मोठेपणा असाच थोडा वेळ घेऊन ठरवतो, त्यामुळे गाण्याचं अंग किती भरलंय हे ती सुई छान सांगते. टोकं मात्र तिला दिसत नाहीत.

बीबीसीने त्याच दशकात दुसरा रस्ता धरला. त्यांचा पीक प्रोग्रॅम मीटर, म्हणजे पीपीएम, चढायला चपळ आणि उतरायला सुस्त. १ ते ७ अशी पट्टी, आणि सातवरून एकवर यायला २.८ सेकंद. ट्रान्समीटरवर जास्तीचं काही जाऊ नये ही त्यांची चिंता, म्हणून झटका पकडायचा आणि तो माणसाला दिसावा म्हणून सुई वर धरून ठेवायची. तरी तोही काही मिलिसेकंदांपेक्षा छोटी टोकं सोडूनच देतो, कारण तेवढी विकृती कानाला जाणवत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

डीएडब्ल्यूमधला, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधला, पीक मीटर या दोघांपेक्षा अगदी वेगळा. तो एकेक नमुना बघतो. ४८ किलोहर्ट्झला सेकंदाला ४८,००० नमुने, त्यातला एक जरी टोकाला गेला तरी तो दाखवतो. गाणं मोठं वाटतंय की बारीक, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. जागा संपली का, एवढंच तो सांगतो.

आता तुमचा तबला. किनारीवरचा नुसता एक ‘ना’ सोलो करून बघा. प्लगइनमध्ये ० व्हीयू म्हणजे -१८ डीबीएफएस (डिजिटलच्या कमाल पातळीच्या १८ डीबी खाली) असं लावलेलं असेल, तर पीक मीटर -४ दाखवत असतानाही सुई शून्याच्या खालीच उचलून परत येईल. तो आघात काही मिलिसेकंदांत होऊन गेलेला असतो, सुई निघेपर्यंत तो विझलेला असतो. नंतर हार्मोनियमचा एक लांब स्वर धरा. सुई शून्यावर जाऊन बसेल आणि पीक मीटर तबल्याच्या कितीतरी खाली असेल. कानाला हार्मोनियम मोठी वाटेल. दोन्ही मीटर खरं बोलतायत. या दोघांतलं अंतर म्हणजेच क्रेस्ट फॅक्टर, आणि माझ्या मते मिक्स करताना सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट तीच आहे. तबल्यावर कॉम्प्रेसर (मोठी टोकं दाबणारा) लावून ते अंतर फार कमी केलंत, तर ‘ना’ उरतो पण त्याची धार जाते. आकडा बघत कमी करू नका, धार ऐकत करा.

आरएमएसचा ३ डीबीचा फरक: पूर्ण शून्यापर्यंत जाणारी साइन लहर घेतली, तर तिचा गणिती आरएमएस -३.०१ डीबी येतो. काही मीटर तसाच दाखवतात. काही एईएस-१७ या मानकाप्रमाणे ३ डीबी मिळवून दाखवतात, म्हणजे साइन लहरीला पीक आणि आरएमएस सारखेच दिसावेत. प्लगइनच्या सेटिंगमध्ये हा पर्याय बहुतेक असतो. कुठलाही एक ठेवा, पण दोन्हीकडे तोच ठेवा.

खर्ज

दादा, ‘ना’ आणि हार्मोनियमचा प्रयोग लगेच केला. तुम्ही लिहिलंत तस्संच झालं. -४.३ पीकला सुई जेमतेम -५ पर्यंत गेली. इतके दिवस मी सुईकडे बघून तबला वर ढकलत होते! म्हणून तो ट्रॅक लाल होत होता.

पण -१४ चं काय?

तिस्रजाती

-१४ हे लक्ष्य नाही, हे आधी मनातून काढा. स्पॉटिफाय आणि यूट्यूब साधारण -१४ ला, ॲपल म्युझिक -१६ ला गाणी आणून ठेवतात. म्हणजे त्याहून मोठी आलेली गाणी ते खाली ओढतात. ही त्यांच्या प्लेअरची सोय आहे. तुमचं गाणं किती दाबायचं (टोकं दाबून किती मोठं करायचं) हे तिने कशाला ठरवायचं?

तुम्ही शेजारच्या ट्रॅकवर तुलना केलीत तिथेच फसलात. संदर्भाच्या गाण्याचा एलयूएफएस मोजलात का? आजकालचं मास्टर -८ किंवा -९ असणं अगदी नेहमीचं आहे. तुमचं -१४, त्याचं -८, म्हणजे ६ डीबीचा फरक घेऊनच तुम्ही ऐकताय. तिथे तुमचं गाणं बारीकच वाजणार. संदर्भाचा फेडर (पातळीची सरकपट्टी) ६ ने खाली घ्या आणि मग ऐका.

काळी_चार

मग सगळे -१४ का सांगतात? मी तर त्या आकड्याशिवाय फाइल बाहेर काढत नाही. जास्त दाबून पाठवलं तर प्लेअर खाली ओढणार, मग दाबण्याचा उपयोग काय? माझ्या मते -१४ ला काढणं हाच शहाणपणा.

तिस्रजाती

दाबण्याचा उपयोग नाही इथवर मान्य, अगदी मनापासून. पण उलट बाजूही बघा. एखादं गाणं -११ ला सगळ्यात चांगलं वाटत असेल, लिमिटर (टोकांना ठरावीक पातळीला अडवणारा) जेमतेम टेकतोय आणि तबल्याची धार शाबूत आहे, तर ते -१४ ला आणण्यासाठी फेडर ३ डीबी खाली घेऊन काय मिळालं? प्लेअरही तेच करणार होता. आणि एखादी शांत रचना -१८ ला श्वास घेत असेल, तर तिला लिमिटरमध्ये ढकलून -१४ ला आणणं हे तर नुकसानच. यूट्यूब बारीक गाणी वर उचलतही नाही. तेवढ्यासाठी रचनेचा जीव घालवू नका. मी स्वतः मास्टर ऐकून ठरवतो, आकडा शेवटी वहीत लिहून ठेवतो.

काळी_चार

फेडर खाली घेणं आणि प्लेअरने खाली ओढणं एकच, हे कधी लक्षातच आलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं.

जुना_फेडर

तिस्रजातींशी सहमत. पण ताईंचा एक मुद्दा राहिला. प्लेअरने दोन्ही गाणी एका पातळीला आणल्यावरही फरक उरला आणि फोनवर वाढला. याचं कारण बहुतेक तुमच्या बेसमध्ये आहे. सिंथचा बेस कुठल्या स्वरांवर आहे?

खर्ज

बराचसा ५५ हर्ट्झच्या आसपास. पट्टीच तशी आहे. आणि आवाज एकदम गोल ठेवलाय, वरचे हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले सूर) जवळजवळ नाहीतच.

जुना_फेडर

मग सापडलं. एलयूएफएस मोजण्याची रीत आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.१७७० या शिफारशीत आहे, पहिली आवृत्ती २००६ ची. मोजण्याआधी सिग्नल एका गाळणीतून जातो, तिला के-वेटिंग म्हणतात. वरच्या पट्ट्यात ती साधारण ४ डीबी वाढ देते, आणि अगदी तळ कापते. पण तळ किती कापते? ४० हर्ट्झपाशी साडेपाच-सहा डीबी, ६० पाशी जेमतेम तीन. म्हणजे तुमचा ५५ चा बेस मीटरच्या हिशेबात बराचसा धरला जातो.

कानाचं तसं नाही. फ्लेचर आणि मनसन या संशोधकांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं की खालच्या सुरांना आपला कान मंद आहे, आणि आवाज जितका हळू तितका जास्त मंद. घरात बोलण्याच्या पातळीला ऐकताना ६० हर्ट्झचा सूर १००० हर्ट्झच्या सुराइतका मोठा वाटायला २० डीबीहून जास्त ताकद लागते. फोनच्या स्पीकरमधून तर तो येतच नाही.

थोडक्यात तुमच्या -१४ मधला मोठा वाटा बेस खातोय, आणि तो ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. गायिकेच्या वाट्याला जे उरलं ते ऐकू येतं. संदर्भाच्या गाण्यात हाच वाटा बहुधा आवाजाला आणि तबल्याला मिळालेला असेल. मास्टरच्या लिमिटरमध्ये हे सुधारणार नाही, मिक्समध्ये परत जा. बेस थोडा खाली घ्या, सॅच्युरेशनने (हलक्या, मुद्दाम दिलेल्या विकृतीने) त्याला ११०, १६५ असे वरचे हार्मोनिक द्या म्हणजे छोट्या स्पीकरवरही त्याची चाल कळेल.

एक पडताळा करून बघा: बेस म्यूट करून एलयूएफएस परत मोजा. आकडा दीड-दोनने पडला, तर माझा अंदाज बरोबर.

मंद्रसप्तक

इथे ट्रू पीकबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही, कारण मला त्याचा फटका बसलाय.

एक मास्टर मी नेहमीच्या पीक मीटरवर -०.१ ला काढून दिलं. माझ्याकडे स्वच्छ वाजत होतं. प्रकाशित झाल्यावर गायकाचा फोन आला की वरच्या ‘सा’वर चरचर ऐकू येते. मी पुन्हा पुन्हा मूळ फाइल ऐकली, काही नाही. मग त्याच फाइलचं कमी बिटरेटचं रूपांतर स्वतः करून ऐकलं आणि पोटात गोळा आला. चरचर होती. एका कलाकाराची वर्षभराची मेहनत, आणि ती माझ्या हातून अशी बाहेर गेली.

कारण असं, की नमुने म्हणजे लहरीवरचे ठिपके. लहरीचं खरं टोक दोन ठिपक्यांच्या मध्ये असू शकतं. सगळ्यात सोपं उदाहरण: नमुन्यांच्या वेगाच्या बरोबर चौथ्या हिश्शाची साइन लहर घ्या, ४८ किलोहर्ट्झला १२ किलोहर्ट्झ, आणि तिची कला (फेज) अशी ठेवा की प्रत्येक ठिपका टोकाच्या ४५ अंश अलीकडे-पलीकडे पडेल. ठिपके सांगतील ०.७०७, खरी लहर १. म्हणजे साधा मीटर ३ डीबी कमी सांगतोय. ट्रू पीक मीटर मधल्या जागा गणिताने भरून बघतो, ४८ ला निदान चौपट नमुने करून. आणि एमपीथ्री किंवा एएसीसारखं रूपांतर झालं की लहरीचा आकारच थोडा बदलतो, टोकं आणखी वर सरकतात. म्हणून -१ डीबीटीपी (ट्रू पीकचं माप). स्पॉटिफाय तर सांगतं की -१४ पेक्षा मोठं मास्टर असेल तर -२ च्या खाली ठेवा. मी आता प्रत्येक मास्टरचं रूपांतर करून, ते परत मोजून मगच देतो.

काळी_चार

मंद्रसप्तक, मनापासून आभार. मी आजवर साध्या पीकवरच भागवत होतो.

एक शंका. फक्त गायकाची मोनो फाइल मोजली तर आकडा ३ ने कमी येतो, आणि तीच स्टीरिओ ट्रॅकवर टाकली की वाढतो. असं का?

मंद्रसप्तक

लाउडनेस मीटर चॅनेलांची ऊर्जा बेरीज करतो. तोच सिग्नल दोन्हीकडे गेला की ऊर्जा दुप्पट, म्हणजे ३ वाढणार. काही मीटरांत मोनोला दोन्ही बाजू धरण्याचा पर्याय असतो. ऐकणारा दोन स्पीकरवरच ऐकणार असेल तर तो चालू ठेवा.

तिस्रजाती

ताई, तो पसरट पॅड म्हणालात त्यावर कोरिलेशन मीटर लावून बघा. काटा +१ कडे असेल तर दोन्ही बाजू सारख्या, शून्यापाशी असेल तर भरपूर पसारा, आणि सतत शून्याच्या खाली असेल तर मोनोत पॅड विरघळतो. फोनवर ‘दुसऱ्या खोलीत’ वाटण्यात त्याचाही हात असू शकतो. क्षणभर खाली गेला तर घाबरू नका, तिथेच मुक्काम ठोकला तर बघा.

खर्ज

दोन दिवसांनी लिहिते आहे, कारण नुसतं ‘धन्यवाद’ लिहून थांबायचं नव्हतं.

बेस म्यूट केला. आकडा -१४.० वरून -१५.९ वर गेला. म्हणजे फेडर दादांचा अंदाज बरोबर. पॅडचा काटा कडव्यांमध्ये -०.३ वर बसलेला होता. मोनो बटण दाबलं तर पॅड जवळजवळ नाहीसाच! रुंदीचं प्लगइन अर्ध्यावर आणलं, आता काटा +०.२ ते +०.५ मध्ये खेळतोय.

बेस ३ डीबी खाली, थोडं सॅच्युरेशन. तबला खाली घेतला आणि त्यावरचा कॉम्प्रेसर काढूनच टाकला. संदर्भाचं गाणं -८.४ निघालं, ते माझ्या पातळीला आणून ठेवलं. काल पहिल्यांदा मी दोन्ही ऐकली आणि मान खाली गेली नाही. फोनवर गायिका समोर आली.

आता अडचण वेगळी. दिवसभर मॉनिटरचा आवाज कमीजास्त करत असते, त्यामुळे सकाळी बरोबर वाटलेलं संध्याकाळी बोथट वाटतं.

जुना_फेडर

ताई, आता तुम्ही मुद्द्याच्या गाभ्याशी आलात. मॉनिटरचा आवाज सारखा हलवणं म्हणजे फूटपट्टीच ताणत राहणं. मग कान काय मोजणार?

मास्टरिंग इंजिनियर बॉब कॅट्झ यांनी के-सिस्टिम मांडली ती याच दुखण्यावर. -२० डीबीएफएस आरएमएसचा पिंक नॉइज (चाचणीचा सळसळ आवाज) एका स्पीकरवर वाजवायचा, बसण्याच्या जागी एसपीएल मीटर (खोलीतला आवाज मोजणारा) सी-वेटिंग आणि स्लो या सेटिंगवर धरायचा, आणि ८३ डीबी येईपर्यंत नॉब फिरवायचा. मग तिथे खूण. तो आकडा मोठ्या खोलीचा आहे. छोट्या खोलीत ८३ अंगावर येतो आणि कान लवकर थकतात, मी ७४ वर काम करतो. तुम्हाला ७२ सोयीचा वाटला तर ७२. महत्त्व खुणेला आहे. फोनमधलं एसपीएल ॲपही चालेल, कारण रोज तीच जागा गाठायची एवढाच हेतू.

एकदा ती खूण पक्की झाली की आठवडाभरात कान स्वतःच सांगू लागतो की हे जास्त झालं, हे कमी. मी आवाजाची पातळी लावताना मीटर झाकून ठेवतो. मिक्सच्या टप्प्यावर एलयूएफएस बघतच नाही. मास्टर बसवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) पीक शून्याला भिडत नाही ना, आणि सुई भरल्या जागी शून्याच्या आसपास आहे ना, एवढंच. काही जण ६ डीबी हेडरूम (शून्याखालची मोकळी जागा) सोडाच म्हणतात. २४ बिटमध्ये ४ सोडली काय आणि ९ सोडली काय, नॉइज कितीतरी खाली असतो. त्यावर रक्त आटवू नका.

खर्ज

नॉबवर पांढऱ्या पेन्सिलीने ७३ ची खूण केली.

शेवटचं एक. हे गाणं तीन गाण्यांच्या संचातलं आहे. तिसरी रचना नुसता आवाज आणि तंबोरा, ती -१९ ला आहे. प्लेअर तिला बाकीच्या दोघींइतकी मोठी करून टाकणार का? माझ्या मनात ती हळूच आहे.

मंद्रसप्तक

संच सलग ऐकला जात असेल तर स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिक पूर्ण अल्बमला एकच फरक लावतात, त्यामुळे गाण्यांमधलं तुमचं अंतर टिकतं. सुटी वाजली किंवा कुणाच्या यादीत गेली तर तिचा हिशेब वेगळा होतो.

तंबोरा अखंड असतो म्हणून एक सांगतो. लाउडनेस मीटर शांत जागा हिशेबातून वगळतो: -७० च्या खालचं सगळं, आणि उरलेल्याच्या सरासरीपेक्षा १० ने खाली गेलेलंही. नुसत्या आवाजाच्या रचनेत श्वासाच्या जागा अशा गळतात. तंबोरा त्या जागा भरून ठेवतो. तो सरासरीच्या १० च्या आत असेल, तर त्या शांत जागाही मोजल्या जातात आणि आकडा कमी दिसतो. तेव्हा -१९ बघून आवाज वर ढकलू नका. तिन्ही गाणी एका ओळीत लावा, नॉब ७३ च्या खुणेवर ठेवा, आणि दुसरं संपून तंबोरा सुरू होतो ती जागा ऐका. हात नॉबकडे गेला नाही तर पातळी बरोबर आहे.

खर्ज

उद्या सकाळी, मीटर झाकून, हेच करते. हात गेला की नाही ते इथेच कळवते.